उत्तरेच्या खिडकीची अभ्यासिका : रंगीत पानांच्या रोपांच्या प्रकल्प नोंदी

जागा : पुणे, सोसायटीच्या तळमजल्यावरची अभ्यासिका, साधारण १८ × १२ फूट. खिडकी एकच, उत्तरेला, आणि तिच्यापुढे पार्किंगचं पत्र्याचं छत. ऊन वर्षभर आत येत नाही. काम : खोलीत २४ कुंड्या ठेवायच्या आणि पानांचा रंग बाराही महिने टिकवायचा. नुसती जगणारी हिरवी रोपं हवी असती तर मनी प्लांट आणि झेडझेड प्लांट लावून विषय संपला असता.

८ फेब्रुवारी : प्रकाशाची मोजणी

रोपं आणण्याआधी लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र (लक्स हे उजेडाचं एकक). मोबाईलमधलं अॅप तुलनेपुरतं चालतं, पण दोन फोन एकाच जागी वेगवेगळे आकडे दाखवतात, म्हणून साधा हातातला मीटर वापरला. सेन्सर पानाच्या उंचीवर, तोंड वर. वेळा : सकाळी १०, दुपारी १ आणि ४. खोलीतले दिवे बंद.

दुपारी १ चे आकडे : खिडकीच्या कट्ट्यावर १,९००, तीन फूट आत ६२०, सहा फुटांवर २१०, समोरच्या भिंतीशी ७० लक्स. गच्चीवर त्याच वेळी मीटर लाखाच्या आसपास जातो. सहा फुटांवर पेपर आरामात वाचता येतो, म्हणून माणसाला तिथे 'भरपूर उजेड' वाटतो. डोळा स्वतःला जुळवून घेतो, पानाला ती सोय नाही.

कामचलाऊ पट्टे असे धरले. ५०० लक्सच्या खाली फक्त गडद हिरवी रोपं, तीही न वाढता. ५०० ते १,००० मध्ये हिरवा-चंदेरी अग्लोनेमा, स्नेक प्लांट. लाल-गुलाबी रंग टिकवायला किमान १,५०० ते २,५००, आणि तेही रोज १०–१२ तास. तासांचा मुद्दा लोक विसरतात. कट्ट्यावरचे १,९०० लक्स दुपारचे दोन-अडीच तासच मिळतात, सकाळी १० ला तिथेच ८०० होते.

खिडकीची काच दोन्ही बाजूंनी धुतली, डासांच्या जाळीवरची धूळ ब्रशने काढली. कट्ट्यावर २,२५०. खर्च शून्य.

१५ फेब्रुवारी : कोण आत, कोण बाहेर

आधी बाहेरचे. क्रोटन नको : त्याचा पिवळा-केशरी रंग उन्हाचा असतो. सावलीत नवी पानं हिरवी येतात आणि जुनी खालून गळतात. कोलियस नको, महिन्याभरात काड्या होतात. लाल कॉर्डिलाईनही नको. पांढरा भाग अर्ध्याहून जास्त असलेली कुठलीही जात नको, कारण त्या भागात हरितद्रव्य नसतं. तो भाग अन्न बनवत नाही, फक्त खातो, आणि कमी उजेडात ही चैन रोपाला परवडत नाही.

आत : लाल-गुलाबी अग्लोनेमा, चंदेरी अग्लोनेमा, कॅलाथिया (मेडालियन आणि झेब्रिना), लाल शिरांचा मरांटा, गुलाबी सिंगोनियम, फिटोनिया, डिफेनबाकिया आणि पावसाळ्यापुरता कॅलेडियम, म्हणजे आपल्याकडे ज्याला रंगीत अळू म्हणतात तो. कॅलाथियाच्या बऱ्याच जाती २०१२ पासून गोपर्टिया या प्रजातीत गेल्या आहेत. लेबलवर दोन्हीपैकी काहीही असू शकतं, रोप तेच.

लाल अग्लोनेमा हा या यादीतला कणा. मूळचे बहुतेक अग्लोनेमा आग्नेय आशियातल्या जंगलाच्या तळाशी वाढणारे, म्हणजे सावलीचे, पण हिरवे. लाल रंग सुमात्रातल्या रोटंडम जातीकडून संकरात आला. म्हणून गणित सोपं आहे : पानात जितकं लाल जास्त आणि हिरवं कमी, तितका उजेड जास्त लागणार. संपूर्ण लाल जाती टाळून हिरवी कडा किंवा हिरवे ठिपके असलेल्या घेतल्या.

'पिंक काँगो' नावाचा गुलाबी फिलोडेंड्रॉन कोणी दाखवला तर हात जोडा. तो गुलाबी रंग रसायनाने आणलेला असतो. सहा महिने ते वर्षात नवी पानं हिरवीच येतात. तुमच्या खिडकीचा त्यात दोष नाही.

आणखी एक. अग्लोनेमा, डिफेनबाकिया, सिंगोनियम, कॅलेडियम ही सगळी अळूच्या कुळातली. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळूच्या फदफद्यात चिंच पडते ती याच खाजेसाठी, पण ही रोपं चिंच घालूनही खायची नाहीत. लहान मुलं आणि मांजरं पोचतील अशा उंचीवर कुंडी नको. छाटणीला हातमोजे.

२२ फेब्रुवारी : खरेदी

पुण्याच्या आसपासच्या नर्सऱ्यांत येणारी यातली बरीच रोपं आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतात. शेडनेटखाली, दमट हवेत वाढलेली. तिथे मिळालेला रंग पानात आहे, तो आपल्या खोलीची साक्ष देत नाही.

घेताना पाहायचं : बुंधा दोन बोटांत दाबून टणक आहे का, पानाच्या मागे आणि देठाच्या बगलेत कापसासारखं काही आहे का, कुंडीच्या भोकातून दिसणारं मूळ पांढरं की तपकिरी. पानांना चमक आणणारा स्प्रे मारलेली रोपं परत ठेवली. त्या थराखाली कीड झाकली जाते.

प्रत्येक रोपाच्या सर्वात नव्या पानाच्या देठाला लाल लोकरीचा सैल धागा बांधला. धाग्याच्या वर जे येईल तेच या खोलीतलं पान. निकाल फक्त त्यावरून लावायचा.

तीन आठवडे सगळी रोपं जिन्याखालच्या वेगळ्या जागेत, एकमेकांना पानं न लागतील अशी.

१ मार्च : मिश्रण

नर्सरीतली रोपं चिकट लाल मातीच्या गोळ्यात येतात. ट्रकमध्ये गोळा फुटू नये आणि उन्हात रोज पाणी देता यावं म्हणून ती माती ठीक. कमी उजेडात रोप पाणी हळू ओढतं, गोळा आत दहा-बारा दिवस ओला राहतो, मुळांना हवा मिळत नाही आणि पिथियमसारख्या बुरशीचं फावतं. वरून माती भेगाळलेली, आत चिखल. अशा खोल्यांत रोपं उजेडाअभावी कमी मरतात, या चिखलाने जास्त मरतात.

६ इंची २४ कुंड्यांसाठी ५० लिटर :
कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) २० लिटर, परलाईट (हलके पांढरे खनिज दाणे) १०, नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे १०, लाकडी कोळशाचा चुरा ५, चाळलेलं गांडूळखत ५.

कोकोपीट भिजवून लगेच वापरू नये. त्यात मीठ असतं. ५ किलोच्या विटेला १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घातलेल्या पाण्यात रात्रभर ठेवलं, मग निथळणाऱ्या पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) घातलेल्या पाण्याच्या जवळ येईपर्यंत धुतलं. सोडणाचे तुकडेही दोन पाण्यांतून काढले. निंबोळी पेंड मुद्दाम टाळली : बंद खोलीत वास येतो आणि ओलसर पेंडीवर बुरशी धरते. गांडूळखत कुंडीच्या खालच्या दोन तृतीयांश भागातच. वरचा इंचभर थर खताशिवाय. याचा उपयोग जूनमध्ये.

१५–१६ मार्च : कुंडी बदल

लाल मातीचा गोळा बादलीभर कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवला, बोटांनी मोकळा केला, उरलेली माती नळाच्या बारीक धारेखाली. कुजलेली मुळं ओढली की साल सुटून आतला दोरा हातात राहतो. ती कापली. कॅलाथियाची मुळं धुतली नाहीत, सहज सुटेल तेवढीच माती काढली. मुळं दुखावली की ती पानं गुंडाळून बसते.

कुंडी मोठी घ्यायची नाही. मुळांच्या गोळ्याभोवती बोटभर जागा पुरे. कुंड्या प्लास्टिकच्या, तळाला किमान सहा भोकं. चिनी मातीचे देखणे कुंडे बाहेरून घालायला, त्यात पाणी साचलं तर ओतून द्यायचं.

पाणी घालून निथळल्यावर प्रत्येक कुंडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. ६ इंची कुंडी सरासरी १,३५० ग्रॅम. तोच आकडा मार्करने कुंडीच्या बुडाला लिहिला, त्याखाली ८५०. काटा ८५० च्या आसपास आला की पाणी, नाहीतर नाही. 'आठवड्यातून दोनदा' हा हिशेब या खोलीत लागूच पडत नाही. खिडकीपाशी तेच मिश्रण आठ दिवसांत सुकतं, भिंतीपाशी अठरा दिवस घेतं. कॅलाथिया, मरांटा आणि फिटोनियासाठी खालचा आकडा १,००० धरला, त्यांना पूर्ण कोरडं चालत नाही.

२३ मार्च : दिवे

भिंतीवर तीन फळ्यांचा रॅक. वरच्या दोन फळ्यांवर प्रत्येकी एक चार फुटी, २० वॅटचा, ६,५०० केल्विनचा (पांढऱ्या उजेडाचा) साधा एलईडी बॅटन, म्हणजे नळीसारखा लांब दिवा. जांभळा उजेड देणारे 'ग्रो लाईट' घेतले नाहीत. त्यात पानाचा रंग दिसत नाही, कीडही दिसत नाही आणि शेजारी अभ्यास करणाऱ्याला त्रास. पांढऱ्या बॅटनने रोप व्यवस्थित वाढतं.

बॅटन ते पानाचा शेंडा ३५ सेंटिमीटर. बॅटनच्या मधोमध खाली १,८०० लक्स, फळीच्या टोकांना १,१००. म्हणून लाल अग्लोनेमा आणि सिंगोनियम मध्ये, मरांटा आणि कॅलाथिया टोकांना. फळीच्या मागे पांढरा थर्माकोल लावल्यावर टोकांचा आकडा १,३५० झाला.

टायमर सॉकेट, सकाळी ७ ते संध्याकाळी ७. २४ तास दिवा ठेवून फायदा नाही, कॅलाथिया-मरांटाची पानं रात्री उभी राहतात, ती रोजची हालचाल उजेड-अंधाराच्या चक्रावर चालते. वीज : एक बॅटन दिवसाला ०.२४ युनिट, दोन मिळून महिन्याला साधारण १४.४ युनिट.

अभ्यासाच्या टेबलांवर (२१० लक्स) सहा कुंड्या शोभेला हव्यात असा आग्रह आहे. त्या कायम तिथे राहणार नाहीत. तीन आठवडे टेबल, सहा आठवडे रॅक, आळीपाळीने. टेबलावर असताना खत नाही.

१९ एप्रिल

दुपारी खोलीत आर्द्रता २६ टक्के, तापमान ३३. कॅलाथियाच्या कडा कुरकुरीत. स्प्रेने पाणी मारण्याची सूचना आली, ती अमलात आणली नाही : हवा दहा मिनिटांत पुन्हा कोरडी होते आणि पानावर क्षारांचे डाग राहतात. खडे-पाण्याच्या ताटल्यांनीही दोन-तीन टक्क्यांपलीकडे फरक पडत नाही.

जे उपयोगी पडलं ते : ११ ते ५ खिडकी बंद, पंख्याचा झोत रॅकवरून वळवला, कॅलाथिया-मरांटा दाटीने एकत्र. फिटोनिया जुन्या दोन फुटी फिश टँकमध्ये, वर काच, एका बाजूला बोटभर फट. आत ८० टक्के. फिटोनिया सुकली की कोमेजलेल्या भाजीसारखी कोसळते आणि पाणी दिल्यावर दोन तासांत उठते. हा खेळ वारंवार झाला तर मात्र खालची पानं गळतात.

अल्ट्रासोनिक ह्युमिडिफायर वापरायचाच असेल तर मऊ, म्हणजे कमी क्षारांचं पाणी. जड पाण्याने सगळ्या पानांवर पांढरी भुकटी बसते.

२६ एप्रिल

झेब्रिनाची पानं निस्तेज, बारीक फिकट ठिपके. पांढऱ्या कागदावर पान झटकलं, ठिपके चालू लागले. लाल कोळी. कोरड्या हवेत येतोच. पानांची मागची बाजू नळाच्या धारेने धुतली, दर चार दिवसांनी, तीन वेळा. अंडी पाण्याने सगळी जात नाहीत, म्हणून पुन्हा पुन्हा. कॅलाथियावर निंबोळी तेल मारायचं तर आधी एका पानावर, अर्ध्या मात्रेत. तिची पानं तेलाने डागाळतात.

१० मे : पाणी

महापालिकेचं पाणी कमी पडतंय, टँकर सुरू. टीडीएस मीटर : नळाचं पाणी ९० पीपीएम, टँकरचं ६४०. खडकवासल्याचं पाणी मऊ, बोअरचं जड, हे पुणेकराला साबणाच्या फेसावरून माहीत असतं. रोपाला ते पानाच्या टोकावरून कळतं. क्षार पाण्याबरोबर टोकाला जातात, पाणी उडून जातं, क्षार तिथेच. आधी कॅलाथिया, मग मरांटा, अग्लोनेमा सर्वात शेवटी.

आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालायचा सल्ला सगळीकडे फिरत असतो. त्यात मूळ पाण्याचे क्षार आणखी दाट झालेले असतात. अंगणातल्या चिवट झाडांना चालेल, कॅलाथियाला मुळीच नाही.

तोडगा : शेजारच्या ऑफिसच्या एसीचं पाणी (जवळपास क्षारविरहित) आणि टँकरचं, ३ : १. सगळ्या कुंड्या एकदा धुऊन काढल्या, म्हणजे कुंडीच्या आकाराच्या तिप्पट पाणी हळूहळू वरून ओतून खाली वाहू दिलं. दोन लिटरच्या कुंडीला सहा लिटर.

२१ जून

आर्द्रता ८४. कुंड्या सुकायला दुप्पट वेळ. काटा नसता तर इथेच मुळं गेली असती.

चिलटं दिसली, बुरशीवर जगणारी काळी बारीक. पिवळे चिकट सापळे प्रत्येक फळीवर एक. ते मोठी चिलटं धरतात, अळ्या मातीतच राहतात. अळ्यांसाठी बीटीआय (बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस), पाकिटावरच्या मात्रेत पाण्यातून, आठवड्याच्या अंतराने तीनदा. वरचा थर खताशिवाय ठेवल्याने प्रादुर्भाव फिश टँक आणि मरांटापुरताच राहिला.

कॅलेडियमचे कंद फुटले. एप्रिलअखेर लावलेले.

१२ जुलै

डिफेनबाकियाचा एक बुंधा मातीलगत मऊ, पाणचट, सडक्या बटाट्याचा वास. हा वास आला की बुरशी नव्हे, जिवाणूंची सड. औषधाचा उपयोग नाही. रोप कुंडी-मिश्रणासकट बाहेर, कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. कात्री स्पिरिटने पुसली. कारण : पानाच्या बगलेत साचलेलं पाणी आणि ठप्प हवा. झारी आता मातीलगतच धरायची, पानांवरून नाही. छोटा टेबल फॅन मंद, भिंतीकडे तोंड करून, दिवसा चालू.

पावसाचं पाणी पिंपात भरून ठेवलं. टीडीएस १२. एसीच्या पाण्याची गरज संपली.

९ ऑगस्ट : धाग्याच्या वरची पानं

लाल अग्लोनेमा, बॅटनच्या मधोमध (१,८०० लक्स, १२ तास) : नवी पानं आकाराने किंचित लहान, रंग धाग्याखालच्या पानांच्या जवळ. देठ ९ सेंटिमीटर, जुन्याइतकाच.
तीच जात, खिडकीपासून तीन फुटांवर (६२०) : नव्या पानात मधली शीर तेवढी गुलाबी, बाकी हिरवं. देठ १४ सेंटिमीटर, रोप खिडकीकडे झुकलेलं.
गुलाबी सिंगोनियम : ६२० ला पूर्ण हिरवा. जुलैत रॅकवर आणल्यावर आलेलं तिसरं पान पुन्हा गुलाबी. हिरवं झालेलं पान मात्र हिरवंच राहतं, ते रंग बदलत नाही.
मरांटा : सर्वात कमी कुरकुर. फळीच्या टोकाला, १,३५० लक्सलाही शिरा लालभडक.
मेडालियन : तीन नवी पानं. नवं पान दांडीसारखं गुंडाळलेलं येतं, जांभळी बाजू बाहेर. ते हाताने उलगडायचं नाही, चीर पडते.
चंदेरी अग्लोनेमा : रंग कुठेही गेला नाही. टेबलांसाठी हाच.

६२० लक्सच्या जागेवरचे सगळे लाल प्रकार रॅकवर हलवले. तिथे चंदेरी अग्लोनेमा आणि स्नेक प्लांट.

खत : १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान), लिटरला अर्धा ग्रॅम, पाच आठवड्यांनी एकदा, फक्त रॅकवरच्यांना, ओल्या मिश्रणात. 'रंग फिका पडला म्हणून खत' हा उलटा उपाय आहे. उजेड नसताना दिलेलं नत्र लांब, लुळी, हिरवी पानं काढतं आणि उरलेलं क्षार म्हणून साचतं.

६ सप्टेंबर

अग्लोनेमांना फुलं येताहेत. कोवळी असतानाच देठाशी कापली. शोभा काही नाही, रोपाचा अन्नसाठा मात्र त्यात जातो. फुलाच्या आवरणात पिठ्या ढेकूण लपतो तो वेगळाच.

तो सापडलाही, दोन कुंड्यांत. कापसाच्या काडीने ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कीड दिसेल तिथे. मग लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १ मिली भांडी घासायचं लिक्विड, संध्याकाळी रॅकचे दिवे बंद झाल्यावर, पानांच्या मागून. सात दिवसांनी पुन्हा. कुंडीच्या कडेखाली आणि भोकांपाशी बघायचं विसरू नये, तिथूनच तो परत येतो.

११ ऑक्टोबर

लांबलेले अग्लोनेमा छाटले. शेंड्याचा १२ सेंटिमीटर तुकडा, खालची पानं काढून, कापलेला भाग एक दिवस सुकवून कोकोपीट-परलाईट अर्ध्या-अर्ध्यात. बुंधा तीन इंच ठेवला, तो बाजूने फुटतो. पाण्यातही मुळं येतात, पण पाण्यातली मुळं मिश्रणात गेल्यावर पुन्हा अडखळतात.

२२ नोव्हेंबर

कॅलेडियम पिवळे पडून लोळले. हे मरण नाही, झोप आहे. पाणी बंद. पानं पूर्ण वाळल्यावर कंद काढले, झटकले, धुतले नाहीत. आठवडाभर सावलीत सुकवून कोरड्या कोकोपीटमध्ये, पुठ्ठ्याच्या खोक्यात, कपाटात.

२० डिसेंबर

बाहेर रात्री ९ अंश, खोलीत पहाटे १६, खिडकीच्या कट्ट्यावर १२.५. कट्ट्यावरच्या अग्लोनेमाच्या पानांवर तेलकट करडे चट्टे. १३ च्या खाली हे होतं, आणि चट्टे जात नाहीत. रात्री खिडकी बंद, कट्टा रिकामा. पाणी सकाळी ११ नंतर, खोलीच्या तापमानाचं. पिंपातलं पाणी १४ अंश भरतं, ते आदल्या रात्री आत आणून ठेवायचं. खत बंद, मार्चपर्यंत.

२५ जानेवारी

एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाचे दिवस. तिथले क्रोटन पाहून खोलीसाठी मागणी आलीच. उत्तर : प्रवेशद्वाराबाहेरच्या पायरीवर दुपारपर्यंत ऊन असतं, तिथे दोन ठेवता येतील, आत नाही.

कंदांचं खोकं उघडून पाहिलं. एक कंद मऊ, टाकला. बाकीचे टणक. रात्रीचं तापमान २० च्या वर टिकू लागलं की लावायचे, कंदाची डोळ्यांची बाजू वर, दोन इंच खोल.